उजवीकडचा दिवा

उकंडरावांनी डिकीच्या आतलं काळं कापड दोन्ही हातांनी ओढून बाजूला केलं आणि डोकं आत घातलं. अंगणात नऊचं ऊन आत्ताच चटके देऊ लागलं होतं. आत मात्र सावली होती, आणि धुळीचा, जुन्या रबराचा वास. उजव्या दिव्यामागच्या पोकळीत त्यांनी बोटं सरकवली. बोटांना बल्बचा होल्डर लागला, होल्डरमधून निघालेली वायर लागली आणि चार बोटांवर ती वायर संपली.

वायर तुटली नव्हती. कापलेली होती.

उंदराने कुरतडलेली वायर त्यांनी उभ्या आयुष्यात पन्नासदा पाहिली होती. तिच्यावर दातांच्या खुणा असतात, आतल्या तांब्याच्या तारा पिंजारलेल्या असतात. ही विळीवर भेंडी चिरावी तशी एका घावात चिरलेली होती.

"सापडलं का काही?" ओट्यावरून सुमनबाईंनी विचारलं. त्या सुपात डाळ निवडत बसल्या होत्या. त्यांच्या पलीकडे भिंतीला पाठ लावून नात, पुनम, गणिताचं पुस्तक मांडीवर घेऊन ओठातल्या ओठात पुटपुटत होती.

"सापडलं," उकंडराव डोकं बाहेर न काढताच म्हणाले. "उंदीर न्हाई. माणूस हाय."

सुपातले हात थांबले नाहीत. "माणूस कशाला येतोय तुमच्या गाडीत शिरायला?"

"तेच इचारून राहिलो मी. काहून येतोय?"

दहावीची परीक्षा सुरू झाल्यापासूनची ही तिसरी खेप होती. पुनमचं केंद्र आखाडा बाळापूरला. तिचा बाप बालाजी साखर कारखान्यात. हंगाम संपेस्तोवर त्याला पहाटेची पाळी सुटत नव्हती. तेव्हा नातीला पेपरला पोचवायचं काम उकंडरावांनी न विचारताच आपल्याकडे घेतलं होतं. डोंगरकडा गावातल्या चार पोरी जीपने जायच्या, पण उकंडरावांची नात जीपमध्ये दाटीवाटीने कशाला जाईल? घरी गाडी होती, आणि एसटीत एकतीस वर्षं काढलेला ड्रायव्हर होता.

पहिल्या पेपरला गाडी फाटकाशी आणून त्यांनी उजवा इंडिकेटर दिला, तर टिकटिक घाईघाईने येऊ लागली. नोकरीच्या शेवटच्या वर्षांत नवीन ड्रायव्हरांना शिकवायचं काम त्यांच्याकडे होतं. प्रत्येकाला ते पहिल्याच दिवशी सांगत, "पोरा, इंडिकेटर डोळ्यांनी न्हाई, कानांनी तपासायचा. दोनी बल्ब जळत असतील तर टिकटिक निवांत येती. एक बल्ब मेला की तीच टिकटिक धावत सुटती." त्या दिवशी खाली उतरून पाहिलं तर मागचा बल्ब होल्डरमध्ये अर्धा फिरलेला. खड्ड्यांनी ढिला झाला असेल म्हणून त्यांनी तो नीट बसवला आणि गाडी काढली.

दुसऱ्या वेळी मात्र टिकटिकच आली नाही. फ्यूज जळाला असेल म्हणून त्यांनी स्टिअरिंगखालची पेटी उघडली, तर फ्यूज जळालेला नव्हता, फ्यूज तिथे नव्हताच. जागा रिकामी. फ्यूजला काही पाय फुटत नाहीत. त्या दिवशी पुनमला भावसिंगच्या जीपने जावं लागलं, कारण इंडिकेटर बंद असलेली गाडी उकंडराव फाटकाबाहेर काढत नसत. हा त्यांचा नेम घरालाच काय, गावाला ठाऊक होता. एकदा ऐन दिवाळीत, भरलेली बस त्यांनी याच कारणासाठी आगारात उभी ठेवली होती. प्रवाशांनी शिव्या दिल्या, कंडक्टरने हात जोडले. उकंडराव बसच्या पायरीवर बसून तंबाखू मळत राहिले. दिवा लागला तेव्हाच बस हलली. ही गोष्ट ते आजही कुणी ऐकणारा भेटला की सांगत.

आणि आता ही कापलेली वायर. उद्या गणिताचा पेपर.

"कुणाचं काम हाय ते मला ठाऊक हाय," ते डिकीतून म्हणाले. "ही वायर जोडली की सरळ पोलीस पाटलाकडं जातो. तातेरावाचं नाव लिवून देतो."

सुपाचा आवाज थांबला.

तातेरावाचं घर रस्त्याच्या पलीकडे, अगदी समोर. महिन्यामागे त्याने शिजवलेली हळद रस्त्याच्या कडेला खळ्यावर वाळत घातली होती. उकंडराव वसमतहून परत येत होते, आणि गाडीची डावी दोन्ही चाकं त्या हळदीवरून गेली. चांगली दहा पावलं. तातेराव धोतर सावरत धावत आला होता.

"डायवर, रस्ता तिकडं हाय!"

"हळद रस्त्यावर घालायची अन् वर तोंड करून बोलायचं?"

"रस्त्यावर? माझं खळं रस्त्यापसून पाच हात दूर हाय. दगडं लावलेत की चुन्याचे. तुमाला दिसले न्हाईत?"

"ऊन समोर होतं."

"ऊन तर सगळ्यांच्याच समोर असतंय."

या शेवटच्या वाक्यावर चार माणसं हसली होती, आणि ते हसणं उकंडरावांच्या कानातून अजून गेलं नव्हतं. त्या संध्याकाळी सुमनबाईंनी भाकरी वाढता वाढता, बाळापूरला डोळे तपासायचं शिबिर आहे, असं म्हणून पाहिलं होतं. उकंडरावांनी कोनाड्यातला पेपर ओढला आणि चष्मा न लावता बारीक अक्षरातली जाहिरात तिला वाचून दाखवली. "धा वर्सं चष्मा व्हता. आता बिनचष्म्याचं वाचून राहिलो. डोळे सुधारलेत माझे, सुमन. शिबिरात डागदरालाच बसवावं लागंल माझ्यापुढं." "जवळचं दिसतंय," एवढंच म्हणून सुमनबाईंनी तव्यावरची भाकरी उलटली होती.

तेव्हापासून तातेराव आणि ते बोलत नव्हते. पण तातेराव बघत असे. सकाळी दात घासताना, बैल सोडताना, मोटरसायकल पुसताना त्याचं तोंड याच अंगणाकडे. आणि या गाडीच्या डिकीचं कुलूप दोन वर्षांपासून मोडलेलं आहे, डाव्या दाराची काच हाताने ढकलली की खाली येते, हे आळीतल्या शेळ्यांनाही ठाऊक होतं. फ्यूज गेल्यावर उकंडरावांनी एक युक्ती केली होती. संध्याकाळी गाडीच्या चारही बाजूंनी त्यांनी चुलीतली राख पसरून ठेवली. कुणी आलं तर पाऊल उमटेल. तातेरावाच्या चपलेची टाच एका बाजूने झिजलेली आहे, तेही त्यांनी पाहून ठेवलं होतं. सकाळी उठून बघतात तर अंगण लख्ख झाडलेलं, वर सडा टाकलेला, आणि गाडीपुढे चार ठिपक्यांची रांगोळी.

"अगं, राख कुठाय?"

"झाडली. अंगणात राख ठेवतेत व्हय? कुणी गेल्यावाणी."

 उकंडराव तेव्हा रांगोळीला वळसा घालून निघून गेले होते.

"तातेरावाचं नाव घेऊ नका," आता सुमनबाई म्हणाल्या.

"काहून?"

"त्यानं केलं न्हाई."

"तुला काय ठाऊक?"

"ठाऊक हाय. तोंडानं फटकळ हाय तो, पर असलं न्हाई करायचा." त्यांनी सूप पुन्हा उचललं. "लेकराचा उद्या पेपर हाय. आज पाटलाकडं जाऊन आळी गोळा करू नका."

"लेकराच्या पेपरासाठीच तर करून राहिलो!" उकंडरावांचा आवाज डिकीत घुमला. पुनमने पुस्तकातून मान वर केली, आजीकडे पाहिलं आणि पुन्हा खाली घातली.

"आबा, मी जाते की जीपनं," ती हळूच म्हणाली. "भावसिंगकाका नऊलाच निघतेत."

"तू गणितं कर."

त्यांनी हात आणखी आत घातला. वायरचं दुसरं टोक गाडीच्या अंगात मागे ओढलं गेलं होतं. ते दोन बोटांत धरून त्यांनी बाहेर आणलं आणि टॉर्च लावली. टोकाला काळी टेप गुंडाळलेली होती. मग त्यांनी होल्डरकडचं टोक पुन्हा निरखलं. तिकडे टेप नव्हती.

उकंडराव जरा मागे सरकले आणि डिकीच्या कडेवर टेकले.

होल्डरकडच्या टोकात वीज येत नाही, त्याला टेपची गरज नाही. वीज येते ती या दुसऱ्या टोकात. ते उघडं राहिलं, पत्र्याला लागलं, तर ठिणगी पडते, फ्यूज जातो, एखाद्या वेळी गाडी पेटतेसुद्धा. कापणाऱ्याला हे ठाऊक होतं. नुसतं ठाऊक नव्हतं, त्याला गाडीची काळजी होती. ज्याला वाईट करायचं, तो टेप कशाला लावत बसेल?

तातेराव? तो आपल्या विहिरीवरच्या मोटारीच्या स्टार्टरमध्ये काडेपेटीची काडी खुपसून काम भागवणारा माणूस. त्याच्या घरात टेप असली तर ती चपलेला लावलेली असेल. मग त्याने बाळापूरच्या मोहनसिंगला हाताशी धरलं असेल का? मोहनसिंग गाड्यांची वायरिंग करतो, त्याला हे सगळं कळतं. पण मोहनसिंग टेप दाताने तोडतो आणि टोक तसंच लोंबतं सोडतो. किती वेळा सांगितलं, सुधारला नाही.

त्यांनी टॉर्च जवळ नेली. या टेपचं टोक लोंबत नव्हतं. शेवटचा गव्हाएवढा भाग आत दुमडून ठेवला होता, म्हणजे पुन्हा कुणाला सोडवायची झाली तर नखाने खरवडत बसायला नको. चिमटीत धरून ओढलं की सुटते.

त्यांनी ओढलं. टेप सुटली.

हे असं टोक दुमडायला आगारात त्यांनीच सगळ्यांना शिकवलं होतं. सगळे दोन दिवस दुमडत आणि विसरून जात. आणि घरी? घरी गाडीखाली, मोटारीपाशी, मिक्सरपाशी काम करताना ते एकटेच मोठ्याने सांगत असत. हे अर्थ, हे फेज, ही वायर अशी, ती तशी. कुणीतरी टॉर्च धरून बसलेलं असे. त्या कुणीतरीने तीस-पस्तीस वर्षं नुसतं "हूं" म्हटलं होतं. ती ऐकते, असं त्यांना कधी वाटलंच नव्हतं.

ओट्यावर सुपात डाळ खाली-वर होत होती. एक खडा अंगणात येऊन पडला.

उकंडरावांना फेब्रुवारीतला बाळापूरचा फाटा आठवला. डोक्यावर कडब्याची पेंढी घेतलेली एक बाई एकाएकी समोर उगवली होती. सुमन "अवो!" करून किंचाळली तेव्हा त्यांनी ब्रेक दाबला. ती बाई बॉनेटला हात लावून उभी राहिली होती, इतक्या जवळ. "कुठून आली मधीच!" ते म्हणाले होते. घरी येईपर्यंत सुमनने दोन्ही हातांनी समोरची फळी धरून ठेवली होती.

ते उठले. दोन्ही टोकं सोलली, तारा एकमेकींत पिळल्या, वर टेप गुंडाळली. हात सराईत होते, पण आज त्यांना वेळ लागला. टेपचं टोक दुमडताना बोट क्षणभर थांबलं.

"पुनम," त्यांनी हाक मारली. पुनम उठू लागली तसं ते म्हणाले, "तू नको. तू बस. सुमन, तू ये."

"मी? मला काय कळतंय त्यातलं?"

"ये तर खरी. आत बस. मी मागून बघतो."

सुमनबाईंनी सूप खाली ठेवलं, पदराला हात पुसले आणि त्या येऊन ड्रायव्हरच्या जागेवर बसल्या. उकंडराव चावी कशी फिरवायची ते सांगायला तोंड उघडत होते, तोवर त्यांनी चावी एक घर फिरवली होती. इंजिन चालू न करता, नुसती वीज येईल एवढीच.

"उजवा दे," उकंडराव म्हणाले. दांडी खाली करायची की वर, ते त्यांनी सांगितलं नाही.

सुमनबाईंनी दांडी खाली केली.

उकंडराव गाडीच्या मागे तीन पावलांवर जाऊन उभे राहिले. ऊन त्यांच्या पाठीमागून येऊन काचेवर, पत्र्यावर, पांढऱ्या रंगावर आदळत होतं, सगळा मागचा भाग दुधासारखा झाला होता. त्यांनी कपाळावर हात धरला आणि दिव्याकडे पाहिलं.

"दिला का?"

"दिलाय की."

दिवा लागला नव्हता. त्यांनी डोळे बारीक केले. नाही. उजव्या कोपऱ्यात काहीच नव्हतं, नुसता चमकता पत्रा. जोड ढिला राहिला असेल. किंवा हिने दांडी पुन्हा वर केली असेल. मुद्दाम. त्यांच्या मनात शंका आली आणि ते एकदम म्हणाले, "सुमन, खरं सांग. दांडी खालीच हाय न्हवं?"

"खालीच हाय. आवाज येतोय न्हवं तुमाला?"

डिकी उघडीच होती. आवाज येत होता. टिक. टिक. टिक. निवांत, एकसारखा.

उकंडरावांनी तो आवाज ऐकला. मान थोडी कलती करून पुन्हा ऐकला. घाई नव्हती. एकही ठोका पुढे पळत नव्हता.

तेवढ्यात रस्त्यावर मोटरसायकल येऊन थांबली. मागे पोतं बांधलेला तातेराव, एक पाय जमिनीला टेकवून. फाटकापासून चांगला वीस-पंचवीस पावलं लांब. बोलायचं नव्हतंच, पण त्याला राहवलं नाही.

"काय डायवर! गाडी उभी अन् उजवा देऊन राहिले? माझ्या खळ्यावर येता का काय पुन्यांदा? सांगा बरं, हळद आवरून घेतो!"

हसत त्याने मोटरसायकलला किक मारली आणि तो गेलाही.

उकंडराव जागचे हलले नाहीत. पुनम ओट्यावरून बघत होती. आत, वरच्या लहानशा आरशात सुमनबाईंचे डोळे दिसत असावेत; त्यांना ते दिसले नाहीत, पण ते तिथे आहेत हे त्यांना ठाऊक होतं. ते दोन पावलं पुढे आले, वाकले आणि उजव्या दिव्यावर त्यांनी तळहाताची सावली धरली. बोटांच्या फटीत नारिंगी रंग उमटला. गेला. उमटला. गेला. काच कोमट झाली होती. बराच वेळ दिवा जळत असावा.

ते तसेच वाकून राहिले. मग सरळ झाले.

"बंद कर," ते म्हणाले.

टिकटिक थांबली. सुमनबाई चावी काढून खाली उतरल्या आणि गाडीचं दार धरून उभ्या राहिल्या. चावी त्यांनी पुढे केली नाही, लपवलीही नाही.

"सापडला का फॉल्ट?" त्यांनी विचारलं.

"सापडला."

"नीट झाला?"

उकंडरावांनी पक्कड, टेप, टॉर्च एकेक करून पेटीत ठेवली. पेटीचं झाकण लावलं. रांजणाकडे जाऊन तांब्याभर पाणी हातांवर घेतलं, ओला हात तोंडावरून फिरवला, आणि डोळे पुसताना तो जरा जास्त वेळ तिथेच राहू दिला.

"पुनम," ते ओट्याकडे तोंड करून म्हणाले, "भावसिंगला फोन कर. उद्या तुझी जागा धर म्हणावं. उरलेल्या पेपरांचंबी सांगून ठेव."

पुनमने आजीकडे पाहिलं. आजी जमिनीकडे बघत होती.

"म्हंजी नीट न्हाई झाला," सुमनबाई हळू आवाजात म्हणाल्या.

"हितं व्हायचा न्हाई. नांदेडला जावं लागंल."

"अवो, एवढ्या लांब गाडी कशी नेता?"

"गाडी कशाला?" उकंडराव म्हणाले. त्यांनी खांद्यावरच्या पंच्याने तोंड पुसलं. "एसटीनं जाऊ. परीक्षा झाली की. तूबी चल संगं."